पंखा शून्यावर

४ एप्रिल

चि. गुंड्यास,

पत्र लिहायची वेळ आली ती अशी: काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तू बसवून दिलेल्या सिस्टीमवर चालणारं माझं मशीन आपलं आपण बंद पडलं आणि जाताना नियमपुस्तकाचं सातवं प्रकरण घेऊन गेलं. तीन दिवसांचं वाचन. पंधरवड्यातली ही पाचवी वेळ. आधीच्या चारही वेळा मी तुला फोन केला आणि चारही वेळा तू "हो आत्या, बघतो आत्या" म्हणालास. म्हणून आता लेखी. लेखी विचारलं की लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि मग "मी असं म्हणालोच नव्हतो" करता येत नाही.

आशीर्वाद वगैरे आज नाहीत.

तू विसरला असशील म्हणून सांगते. अंधांच्या ध्वनिग्रंथालयासाठी मी पुस्तकं वाचते. सध्याचं पुस्तक कोणाच्या करमणुकीचं नाही. इस्पितळातल्या ऑपरेटरबाई बावीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसल्या. डोळ्यांनी दिसत नसताना साऱ्या इस्पितळाचे फोन त्यांनी जोडून दिले. आता बोर्ड काढून टाकला आणि त्यांना सांगितलं, खात्याची परीक्षा पास झालात तर कारकून म्हणून राहा, नाहीतर घरी बसा. परीक्षा चोवीस तारखेला आहे. पुस्तक अकरा प्रकरणांचं, चारशे तीस पानांचं. छपाई इतकी पुसट आणि तक्ते इतके आडवेतिडवे की यांत्रिक आवाज दुसऱ्या ओळीलाच तोतरा होतो. म्हणून मी वाचते. सहा प्रकरणं दिली. उरलेली पाच चौदा तारखेला द्यायचं कबूल केलं आहे, म्हणजे बाईंना अभ्यासाला दहा दिवस मिळतील. हे दहा दिवस माझ्या शब्दावर आहेत.

आता मशीनचं. मी वाचत असते तेव्हा काही होत नाही. वाचून झाल्यावर आवाज साफ करून ग्रंथालयाच्या साच्यातली फाईल तयार करायला लावली, की वीस-पंचवीस मिनिटांत बूड इस्त्रीसारखं तापतं आणि पडदा काळा. सूचना नाही, निरोप नाही. काल फाईल अर्धी लिहून झालेली असताना बंद पडलं, ती फाईल आता उघडतच नाही. जुन्या सिस्टीमवर हेच काम मी सहा वर्षं केलं. डिसेंबरात तू आलास, "आत्या, ही जुनी झाली, लिनक्स टाकतो, एकदम हलकं चालेल" म्हणालास, आणि माझ्या चांगल्या चाललेल्या संसारात हे घालून गेलास.

सहाशे मशीनं थंड ठेवण्याची तुझी नोकरी. आत्याचं एक थंड ठेवता येत नाही? उलट टपाली कळव. दुरून माझ्या मशीनमध्ये शिरायची परवानगी नाही. ती डिसेंबरातही नव्हती.

आत्या

६ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आमच्या मशीनच्या हॉलमध्ये फोन लॉकरात ठेवावा लागतो, पण ती सबब सांगत नाही. बघतो म्हणालो आणि बघितलं नाही, हे खरं.

पण लिनक्सवर एवढी चिडू नकोस. मशीन तापतं ते बहुतेक वेळा धुळीने किंवा हवा अडल्याने. इथे आम्ही मशीनच्या रांगांमध्ये एक गार गल्ली ठेवतो आणि एक गरम गल्ली. गार गल्लीतून हवा आत, गरम गल्लीतून बाहेर. दोन्ही हवा एकत्र झाल्या की गोंधळ. तुझ्या टेबलावर तेच होत असणार. राग मानू नकोस, पण मशीन उशीवर तर ठेवत नाहीस? खाली जाडसर टेबलक्लॉथ? बाजूच्या जाळीला पुस्तक टेकलेलं? खिडकीतून ऊन?

सगळं ठीक असेल तर खालचं झाकण उघडून पंख्यातली धूळ मऊ ब्रशने काढ. जमत नसेल तर कोणालातरी बोलाव. मग काळी खिडकी उघडून इंग्रजीत 'सेन्सर्स' टाईप कर. तापमान दिसेल. ते मला कळव.

बाबा विचारत होते, ताई त्याच डबड्यावर का अडून बसली आहे. मी म्हटलं, ताईला तुम्हीच विचारा. ते म्हणाले, नको.

तुझा गुंड्या

८ एप्रिल

चि. गुंड्यास,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने. उशी डोक्याखाली असते. टेबलक्लॉथ माझ्या घरात नाही. पुस्तक हातात असतं, कारण ते मला वाचायचं असतं. खिडकी उत्तरेला आहे. या घरात तू लहानपणी दोन उन्हाळे काढलेस, तुला ठाऊक हवं.

"कोणालातरी बोलाव" याचं उत्तर असं की माझी एकतीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. तापमापक कसा धरायचा आणि उघडलेले स्क्रू कुठे ठेवायचे हे मी तुझ्यासारख्या शेकडो जणांना शिकवलं आहे. त्यातले निम्मे स्क्रू खिशात घालून घरी जात.

खालचं झाकण नऊ स्क्रूंचं. उघडलं. स्क्रू बशीत ठेवले, ज्या जागेचा तो त्या क्रमाने. पंख्यावर धुळीचा कण नाही. मी चकित झाले, कारण टेबलावर रोज बोटभर धूळ पुसते. पात्यांवर फुंकर मारली, पंखा भिरभिर फिरला, कुठेही अडकला नाही. झाकण लावलं. मग एका जुन्या फाईलवर साफसफाईचं काम लावलं आणि घड्याळ समोर ठेवून नोंदी घेतल्या. सुरुवातीला बावन्न अंश. पाच मिनिटांनी अठ्ठ्याहत्तर. दहा मिनिटांनी एक्क्याण्णव. चौदाव्या मिनिटाला सत्त्याण्णव, तिथे मी काम थांबवलं. शेजारच्या ओळीत पंख्याचे मिनिटाचे फेरे दिसतात. चारही नोंदींत फेरे शून्य.

सत्त्याण्णव अंशाला पंखा शून्य. माझ्या प्रयोगशाळेत एखाद्याने ही नोंद आणली असती तर मी म्हटलं असतं, वही घरी ने आणि विचार करून ये. तू विचार करून ये. मला एकच उत्तर हवं आहे: पंखा का फिरत नाही?

मधल्या दोन दिवसांत सातवं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं आहे. निम्मं झालं. नियम क्रमांक दोनशे बारा दुसऱ्यांदा वाचताना माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते नियमात नव्हते. तेवढं पुन्हा वाचावं लागलं.

आत्या

९ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ताच मिळालं, लगेच लिहितोय. फेरे शून्य दिसतात त्यावर जाऊ नकोस. बऱ्याच मशीनमध्ये या सिस्टीमला पंख्याचा सेन्सर नीट ओळखता येत नाही, मग ती शून्य दाखवते. पण तापमानावरून माझी खात्री झाली की पंख्याची मोटर जळाली आहे. हाताने फिरतो पण विजेवर नाही, असं होतं. म्हणून आता एक कर: मशीन अजिबात चालू करू नकोस. आतलं सगळंच जाईल. आणि सेटिंगच्या फोल्डरमध्ये काही शोधाशोध करू नकोस, तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर मशीन उठणारच नाही.

मी तुझ्यासाठी नवीन मशीन मागवलं आहे. माझ्याकडून. बारा-तेरा दिवसांत तुझ्या दारात येईल. जुनं मी येऊन घेऊन जाईन, तू त्याची काळजी करू नकोस.

ऑपरेटरबाईंना थोडं थांबता येणार नाही का? निदान महत्त्वाची प्रकरणं कोणीतरी त्यांना फोनवर सांगेल. आणि तूही जरा विश्रांती घे. रोज सहा तास मोठ्याने वाचणं या वयात बरं नाही.

तुझा गुंड्या

१५ एप्रिल

गुंड्या,

तुझ्या पत्रावर विश्वास ठेवून मी पाच दिवस मशीनला हात लावला नाही. झाकून ठेवलं, घरात आजारी माणूस झोपलेला असावा तसं. हे पाच दिवस तू लक्षात ठेव. मी ठेवणार आहे.

काल चौदा तारीख होती. ऑपरेटरबाई ठरल्याप्रमाणे सकाळी दहाला आल्या. काठी दाराशी उभी केली, खुर्ची हाताने चाचपून बसल्या आणि हात पुढे केला.

"द्या. पाच ना?"

"एकही नाही," मी म्हटलं. "मशीन बंद पडलं. पंख्याची मोटर जळाली."

बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "कोणी बघितली?"

"काय?"

"मोटर. जळालेली. वास येतो. बावीस वर्षांत बोर्डातल्या दोन जळाल्या, दोन्ही वेळा मला आधी कळलं, इंजिनियर नंतर आले. तुमच्या घरात मला वास येत नाही."

"माझ्या भाच्याने कळवलं. त्याचं तेच काम आहे."

"तो इथे आला होता?"

"नाही."

"आमचा बोर्ड गेला तेव्हाही पत्रच आलं होतं," बाई म्हणाल्या. "'बोर्ड नादुरुस्त झाल्याने'. मी आदल्या दिवशी त्यावरून एकशे चाळीस फोन जोडले होते. आपोआप काही बंद होत नाही हो. कोणाचा तरी हात असतो आणि मग तो हात पत्र लिहितो."

त्या गेल्यावर मी तुझी दोन्ही पत्रं समोर घेऊन बसले. दुसऱ्यात तू लिहिलंस, सेटिंगमध्ये शोधाशोध करू नकोस. मी तर शोधाशोधीचं नावही काढलं नव्हतं. प्रयोगशाळेत एखाद्याने "बाई, त्या कपाटात मात्र बघू नका" म्हटलं की मी आधी ते कपाट उघडत असे.

मशीन चालू केलं. तुझ्या या सिस्टीमबद्दल एक चांगलं बोलायला हवं: तिच्यात सगळं उघडं असतं, वाचणाऱ्याला वाचता येतं, आणि कोणत्या गोष्टीचा काय अर्थ हे सांगणारी पानंही तिच्यातच असतात. ती पानं वाचून सेटिंगच्या फोल्डरमध्ये पंख्याचा शब्द शोधायला लावला. एक फाईल निघाली. तारीख अठरा डिसेंबर. त्या दिवशी तू माझ्या स्वयंपाकघरात बसून तीन कप चहा प्यायलास.

फाईलमध्ये दोनच ओळी. एक अशी की मशीन सुरू झालं की पंखा शून्यावर ठेवायचा. पुन्हा चालू कधी करायचा याबद्दल एक अक्षर नाही. आणि तिच्यावर, इंग्रजी अक्षरांत मराठी, तू स्वतःसाठी लिहून ठेवलेली खूण: "आत्याची कटकट बंद".

म्हणजे पंखा जळालेला नव्हता, सेन्सर आंधळा नव्हता. शून्य म्हणजे शून्य होतं. थंडीचे महिने मशीनने बिनपंख्याचे कसेबसे काढले, उन्हाळा लागला तसं ते पडायला लागलं. पंख्यावर धूळ नव्हती कारण डिसेंबरात तू तो पुसलास आणि त्यानंतर तो एकदाही फिरला नाही.

ती ओळ बदलायला पासवर्ड लागत होता आणि तो तुझ्याकडे. म्हणून मी तुझ्या शिफ्टच्या सुपरवायझरांना फोन केला आणि तुला गार गल्लीतून बाहेर काढायला लावलं. तू फोनवर आलास. मी म्हटलं, पासवर्ड सांग. तू सांगितलास. "कशाला हवाय" असं विचारलं नाहीस. मोटर जळालेल्या मशीनचा पासवर्ड आत्या मागते आणि तू विचारत नाहीस कशाला? तिथेच मला कळलं की तुला सगळं ठाऊक होतं.

ओळ काढली, पंखा मशीनच्या मर्जीवर सोडला. चार महिन्यांनी तो खाकरला आणि फिरायला लागला. तेच काम लावलं. बत्तीस मिनिटं. तापमान एकाहत्तरवर जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं. काम पूर्ण झालं.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. माझ्या मशीनमध्ये तू काय काय बदललंस त्याची पूर्ण यादी. आणि मोटर जळाली असं का लिहिलंस, ते. नवीन मशीन परत पाठव. दारात आलं तर मी घेणार नाही.

आत्या

१७ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

सोबत यादी आहे, वेगळ्या कागदावर, पाच बदलांची. पंखा त्यात पहिला. बाकीचे चार निरुपद्रवी आहेत, पण तू तपासशीलच.

का लिहिलं ते. डिसेंबरात तू म्हणत होतीस की पंख्याचा आवाज वाचनात येतो, पिठाच्या गिरणीत बसून वाचतेय असं वाटतं. तीन दिवस तेच. मी सांगायला लागलो की पंखा कोणत्या तापमानाला किती फिरावा हे ठरवता येतं, वाचताना हळू आणि काम करताना जोरात. तू म्हणालीस, "मला समजावू नकोस, आवाज बंद कर." मी चिडलो. त्या दुपारपुरता बंद करतो, जाताना नीट लावतो, असं ठरवून ती ओळ लिहिली. मग बाबांचा फोन आला, गाडीची वेळ झाली, विसरलो. शपथेवर विसरलो. तू चार फोन केलेस तेव्हाही मला आठवलं नाही. उशी आणि टेबलक्लॉथ मी खरंच विचारलं होतं.

तुझ्या आठ तारखेच्या पत्रात चार शून्य एकाखाली एक वाचले आणि आठवलं. हॉलमधून बाहेर येऊन जिन्यात बसलो. पंखा बंद ठेवला हे मी तुला सांगितलं असतं, आत्या. पण सांगितलं की तू ती फाईल उघडणार आणि वरची ओळ वाचणार. मला त्या ओळीची भीती वाटली. नवीन मशीन आलं असतं, जुनं मी उचलून आणलं असतं, ती ओळ कोणी वाचली नसती. एवढाच विचार केला. ऑपरेटरबाईंचा केला नाही.

सहाशे मशीनच्या हॉलमध्ये कोणी असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी बाहेर काढलं असतं.

रविवारी येऊ का? प्रकरणं साफ करायला बसतो. तू फक्त वाच.

गुंड्या

२२ एप्रिल

चि. गुंड्यास,

रविवारी आला नाहीस ते बरं केलंस. मी बोलावलं नव्हतं, आणि घरात दोन माणसं असली की आवाजात तिसरंच काहीतरी येतं. यादी तपासली. चार बदल खरंच निरुपद्रवी आहेत. तिसऱ्याचा उपयोगही होतो.

"समजावू नकोस" असं मी म्हणाले होते. आठवतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांना "समजून घे" सांगणाऱ्या बाईने ते म्हणायला नको होतं. या प्रकरणातला तेवढा भाग माझा. पण मी आवाज बंद कर म्हटलं होतं. मशीनचा गळा दाबायला सांगितलं नव्हतं, आणि या दोहोंतला फरक ओळखण्याचा तुला पगार मिळतो.

कटकट लिहिलंस त्याचं मला काही नाही. मी कटकट करते. तुझा बाप ही गोष्ट चाळीस वर्षं तोंडावर सांगतो, आणि मी त्याला जेवायला वाढते. राग त्याचा नाही. पंखा बंद ठेवून विसरलास, ती चूक. तिच्यात तीन तारखेपासून दहा तारखेपर्यंतचे सात दिवस गेले. चूक मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईने दुरुस्त केली आहे, तीही केली असती. पण मोटर जळाली म्हणून लिहिलंस आणि आणखी पाच दिवस गेले. ते पाच तू जाणूनबुजून घेतलेस, आणि माझ्या नव्हे, ज्यांना तू कधी पाहिलं नाहीस त्यांच्या पदरातून घेतलेस. "त्यांना थोडं थांबता येणार नाही का" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. परीक्षा थांबत नाही, गुंड्या. त्यांना बावीस वर्षांनी काढताना कोणी थांबलं नाही.

पंधरा तारखेपासून रोज आठ तास वाचलं. पंखा चालू ठेवून. वाचताना तो जरा घरघरतो, मी त्याच्यावर आवाज चढवते. काल दहावं प्रकरण संपलं. अकरावं, तक्त्यांचं, राहिलं. त्याची फाईल करायला वेळ उरला नव्हता, म्हणून आज पुस्तक पिशवीत घालून मी इस्पितळात गेले. तळमजल्यावर टेलिफोनची जुनी खोली अजून बाईंच्या ताब्यात आहे, निकाल लागेपर्यंत. भिंतीवर बोर्डाच्या जागी चार भोकं आणि रंगाचा एक उजळ चौकोन उरला आहे. बाईंनी तो मला हात लावून दाखवला. मला डोळ्यांनी दिसत होता, पण मीही हात लावला. मग मी वाचत गेले आणि त्या ब्रेलच्या पाटीवर टोचत गेल्या. साडेपाच तास. मधे एकदाच थांबवलं त्यांनी.

"बाई, तुम्ही आज माझ्यावर रागावलात का?"

"तुमच्यावर नाही."

"मग चालू द्या," म्हणाल्या. "तक्ता सातवा."

देण्याघेण्याची नोंद तिथेच दोन प्रतींत लिहिली. एक त्यांच्याकडे राहिली. दुसरीची नक्कल खाली उतरवते. ती तुझ्याकडे राहू दे.

आत्या

हस्तांतराची नोंद
२२ एप्रिल, इस्पितळ, तळमजला, जुनी टेलिफोन खोली

देणारी: नियमपुस्तकाची वाचक. घेणारी: टेलिफोन ऑपरेटर.

प्रकरण १ ते ६: पूर्वीच दिलेली. मिळाली.

प्रकरण ७: दुसऱ्यांदा वाचलेलं. वाचणारीच्या आवाजात राग ऐकू येतो. घेणारीने अर्धा तास ऐकून पाहिलं. म्हणाल्या, राहू द्या, झोप येत नाही.

प्रकरण ८, ९, १०: मागे पंख्याची घरघर. शब्द स्पष्ट. मिळाली.

प्रकरण ११: फाईल नाही. समोर बसून वाचून दाखवलं. ब्रेलमध्ये उतरवलेले कागद एकूण सव्वीस, मोजून घेणारीच्या ताब्यात.

मूळ पुस्तक, एक प्रत: परीक्षेपर्यंत घेणारीकडे, शंका आल्यास कोणाकडूनही वाचून घेण्यासाठी.

अभ्यासाचे दिवस: ठरले होते दहा. दिले दोन.

नोंद वाचून दाखवली. घेणारी म्हणाल्या, शेवटची ओळ कशाला, खोडून टाका. खोडलेली नाही.

दोघींच्या सह्या.